शिकारीच्या रानासाठी गोल्फ कार्ट निवडताना : बॅटरीवरची की पेट्रोलवरची?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार जवळजवळ संपुष्टात आली. त्यामुळे टेक्सास, जॉर्जिया किंवा मिसिसिपीत स्थायिक झालेला मराठी माणूस जेव्हा पहिल्यांदा रानाचा तुकडा विकत घेतो, किंवा चार मित्रांसह हरणांच्या हंगामापुरती जमीन लीजवर घेतो, तेव्हा घरातल्या मोठ्यांकडून आलेले असे कोणतेही ज्ञान त्याच्याजवळ नसते. बंदूक कशी हाताळावी आणि नियम कोणते, हे हंटर एज्युकेशनच्या वर्गात शिकवले जाते. परंतु मक्याची पोती फीडरपर्यंत, म्हणजे हरणांना दाणा घालणाऱ्या यंत्रापर्यंत, कशी न्यावीत, पहाटेच्या अंधारात मचाणापर्यंत कसे पोहोचावे आणि मारलेले हरीण केबिनपर्यंत कसे आणावे, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवावे लागते. पुष्कळ जण या कामासाठी गोल्फ कार्ट घेतात आणि ते योग्यही आहे, कारण गोल्फची मैदाने आपला ताफा काही वर्षांनी बदलत असल्याने चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाड्या सहज मिळतात आणि शिकारीसाठीच बनवलेल्या चारचाकी वाहनांपेक्षा त्या बऱ्याच स्वस्त पडतात. प्रश्न उरतो तो बॅटरीवरची घ्यावी की पेट्रोलवरची, एवढाच. विक्रेत्याकडे जाण्यापूर्वीच त्याचे उत्तर आपल्या जमिनीकडे पाहून शोधता येते, आणि ते कसे शोधावे हे पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः टेक्सासमधील आहेत, कारण तेथील बहुतांश जमीन खाजगी मालकीची आहे आणि शिकारीसाठी जमीन लीजवर देण्याची पद्धत तेथे खोलवर रुजलेली आहे.

पहिली पायरी : जमीन पायी फिरून पाहावी

कागद आणि पेन्सिल घेऊन जमीन एकदा पूर्ण फिरावी आणि फाटक, केबिन, फीडर, मचाण, ओढे व मोठे चढ यांचा साधा नकाशा काढावा. अंतरे फोनवर मोजावीत. बॅटरी अर्ध्या वाटेत संपेल ही नवख्यांची सर्वांत मोठी भीती असते आणि बहुतेक वेळा ती निराधार ठरते. २०० एकरांची जमीन चौरस आहे असे मानले, तर तिची एक बाजू सुमारे ९०० मीटर भरते. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे सरळ अंतरही सव्वा किलोमीटरच्या आसपासच असते. वळणावळणाच्या वाटा धरल्या आणि दिवसातून तीन-चार फेऱ्या झाल्या, तरी १० किलोमीटरांच्या पुढे जाणे कठीण. १००० एकरांच्या चौरस जमिनीची बाजूदेखील दोन किलोमीटरच असते. चांगल्या बॅटरीची गाडी एवढे अंतर आरामात कापते, मग ती मैदानापेक्षा रानात बरीच अधिक वीज खात असली तरी.

म्हणून नकाशावर अंतरांपेक्षा महत्त्वाची खूण वेगळी आहे : गाडी जिथे रात्री उभी राहणार, तिथे वीज आहे का? माझ्या मते सगळा निर्णय या एका खुणेभोवती फिरतो, आणि पुढची पायरी म्हणूनच सर्वांत लांब आहे.

दुसरी पायरी : विजेचा हिशेब मांडावा

बॅटरीवरच्या जुन्या गाड्या ३६ किंवा ४८ व्होल्टच्या असतात. शिकारीच्या जमिनीसाठी ४८ व्होल्टच घ्यावी. ओझे घेऊन चढ चढताना तिच्या तारांतून व मोटारीतून तुलनेने कमी करंट वाहतो आणि त्या कमी तापतात. अशा गाडीत बहुधा ८ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात. प्रत्येकीची क्षमता १७० अँपिअर-तास धरली, तर एकंदर साठा सुमारे ८ युनिटांचा होतो; घरच्या विजेच्या बिलावर आपण पाहतो तेच हे युनिट. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, कारण वारंवार खोलवर उतरवल्याने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी राहतात ती ४ युनिटे. त्यांत लहान-मध्यम जमिनीवरचा एक दिवस सहज निभावतो, परंतु त्याच रात्री गाडी चार्जिंगला लावणे आवश्यक आहे. अर्धवट उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच उभी राहिली, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि गेलेली क्षमता पुन्हा मिळत नाही. शनिवार-रविवारी रानात जाणारा आणि मधले पाच दिवस शहरात नोकरी करणारा माणूस नेमका याच सापळ्यात सापडतो : रविवारी दुपारी घाईने निघताना चार्जर लावायचा राहतो, किंवा तिथे लावायला वीजच नसते.

केबिनमध्ये किंवा गोठ्याजवळ साधी ११० व्होल्टची जोडणी असेल, तर ही अडचण उरत नाही. रात्री लावलेली गाडी सकाळपर्यंत तयार होते. चार्जिंग चालू असताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, तेव्हा जागा हवेशीर असावी आणि जवळ शेगडी किंवा ठिणगी उडवणारे काम नसावे, एवढी काळजी मात्र घ्यावी.

जमिनीवर वीज नसेल, तर दोन मार्ग शिल्लक राहतात. पहिला जनरेटरचा. गोल्फ कार्टचा नेहमीचा चार्जर हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो, म्हणून २००० वॅटचा छोटा जनरेटर पुरेसा होतो. तथापि त्यासाठी तो रात्रभर चालवावा लागतो, आणि शांततेसाठी घेतलेल्या गाडीपायी रानात रात्रभर इंजिन घरघरत ठेवणे मला पटत नाही. पेट्रोल जाळायचेच असेल, तर ते सरळ गाडीत जाळलेले बरे. दुसरा मार्ग सौर पॅनेलचा, आणि तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ व्यवहार्य आहे. गाडीच्या शेडच्या छपरावर ४०० वॅटचे पॅनेल आणि ४८ व्होल्टसाठी योग्य असा चार्ज कंट्रोलर बसवला, तर टेक्सासच्या हिवाळी उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास वीज मिळते. शनिवार-रविवारी खर्च झालेली ४ युनिटे बुधवार-गुरुवारपर्यंत भरून निघतात. ओळीने ढगाळ दिवस आले तर हा हिशेब कोलमडतो हे खरे, परंतु केवळ आठवड्याअखेरीस वापरल्या जाणाऱ्या गाडीला तो बहुतेक वेळा पुरतो. पॅनेल गाडीच्या टपावर बसवण्याचा मोह टाळावा; झाडांखालून जाताना त्यावर फांद्या आदळतात, आणि गाडी सावलीत उभी राहिली की त्याचा उपयोगही संपतो.

लिथियम बॅटरीने हे चित्र बरेच बदलले आहे. गाड्यांत वापरली जाणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण उतरवता येते, अर्धवट उतरलेल्या स्थितीत ठेवली तरी तिला सल्फेटचा त्रास होत नाही, पाणी घालावे लागत नाही, आणि १७० किलोंच्या लेड-अ‍ॅसिड संचाच्या जागी सुमारे ५० किलो वजन बसते. मऊ मातीत सुमारे १२० किलोंचा हा फरक चाकांना लगेच जाणवतो. सुरुवातीची किंमत अर्थातच जास्त आहे. शिवाय एक बंधन पक्के ध्यानात ठेवावे : शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ही बॅटरी चार्ज करू नये. टेक्सासमध्ये असे दिवस मोजकेच येतात. विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटात नोव्हेंबरची शिकार करणाऱ्याने मात्र आत हीटर असलेलीच बॅटरी पाहावी. लेड-अ‍ॅसिडलाही थंडी मानवत नाही. गोठणबिंदूजवळ तिची क्षमता सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याच्या थोड्याच खाली गोठून फुटू शकते.

पेट्रोलच्या गाडीला यांतले काहीही लागत नाही. तिच्या टाकीत ५ ते ६ गॅलन, म्हणजे २० लिटरांच्या आसपास पेट्रोल मावते, आणि हलक्या वापरात ते कित्येक आठवडे पुरते. जमीन फार मोठी असेल, वीज नसेल, झाडी इतकी दाट असेल की पॅनेलला ऊनच मिळणार नाही, किंवा एकच गाडी लीजमधले चार-पाच भागीदार पहाटेपासून रात्रीपर्यंत आळीपाळीने वापरणार असतील, तर पेट्रोलची गाडी घ्यावी आणि पुढे मन द्विधा ठेवू नये.

तिसरी पायरी : आवाज आणि वास यांचा विचार करावा

बॅटरीवरच्या गाडीची शांतता हा तिच्या बाजूचा सर्वांत आकर्षक मुद्दा मानला जातो, आणि पहाटे मचाणाच्या जवळ पोहोचताना तो खरोखर महत्त्वाचा आहे. तरीही ही गाडी निःशब्द नसते. पेडल दाबताच सोलेनॉइडचा, म्हणजे मोटारीकडे वीज सोडणाऱ्या स्विचचा, खटकन आवाज येतो, खडीवर टायर कुरकुरतात, मागच्या पेटीतली सैल साखळी खणखणते, आणि गाडी मागे घेताना बझर वाजू लागतो. हा बझर पहाटेच्या शांततेत फार दूरवर ऐकू जातो, म्हणून गाडी उभी करण्याची जागा अशी निवडावी की तिथे ती मागे घ्यावीच लागणार नाही, आत शिरून गोल फिरून बाहेर पडता येईल. बझर काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. लीजवर मुले असतात, अंधार असतो, आणि गाडीमागे कोण उभे आहे ते दिसत नाही.

पेट्रोलच्या बहुतेक गोल्फ कार्टमध्ये पेडल दाबले की इंजिन सुरू होते आणि पाय काढला की बंद पडते. थांबलेल्या गाडीचे इंजिन घरघरत राहत नाही हा तिचा गुण आहे. परंतु प्रत्येक वेळी निघताना स्टार्टरचा आवाज आणि हलकासा झटका येतो, त्यामुळे थांबत-थांबत पुढे सरकणे तिला जमत नाही. इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारणारी अलीकडची इंजिने जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांपेक्षा बरीच शांत आहेत, हेही सांगितले पाहिजे.

व्हाइटटेल, म्हणजे तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या, हरणाचे नाक मात्र त्याच्या कानांहून अधिक घातक ठरते. पेट्रोलचा आणि धुराचा वास कपड्यांना व बुटांना चिकटतो, आणि तो घेऊनच आपण मचाणावर चढतो. यावर उपाय सोपा आहे : पेट्रोलची गाडी वाऱ्याची दिशा पाहून मचाणापासून तीन-चारशे मीटर अलीकडेच उभी करावी आणि पुढे पायी जावे. बॅटरीची गाडी शंभर-दीडशे मीटरांपर्यंत नेली तरी चालते. ज्यांना गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास आहे, किंवा ज्यांच्यासोबत वडीलधारी मंडळी येतात, त्यांच्यासाठी हा फरक कधीकधी निर्णायक ठरतो. उलट बाजूही लक्षात घ्यावी. फीडर भरणारी गाडी रोज त्याच वाटेने, त्याच वेळी जात असेल, तर हरणे हळूहळू तिला सरावतात आणि तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. पेट्रोलच्या गाडीवर शिकार होतच नाही, असे समजण्याचे कारण नाही.

इथेच आगीचा मुद्दा येतो आणि तो मनावर घ्यावा. पेट्रोलच्या गाडीचा सायलेन्सर खूप तापतो, आणि टेक्सासमधले गुडघाभर वाळलेले गवत त्याला टेकले की पेट घेऊ शकते. काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, उघड्यावर जाळ करण्यास बंदी घातली असेल, अशा कोरड्या काळात ती गाडी उंच गवतात उभी करू नये. गवत कापलेल्या किंवा उघड्या मातीच्या जागा आधीच ठरवून ठेवाव्यात आणि गाडीत पाण्याचा डबा व अग्निशामक ठेवावा.

चौथी पायरी : ओझे, चढ आणि चिखल

दोन माणसांच्या गोल्फ कार्टची वहनक्षमता माणसे धरून साधारण ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोंच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीवरील पट्टीवर वाचावा. मक्याचे पोते ४० किंवा ५० पौंडांचे असते. पन्नास पौंडांची आठ पोती आणि दोन धडधाकट माणसे म्हटली, की गाडी भरलीच. एका फेरीत सगळे न नेता दोन फेऱ्या कराव्यात, हे दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू आहे. बहुतेक गोल्फ कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, त्यामुळे भरलेली गाडी तीव्र उतारावरून खाली आणणे चढण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. एसी (अल्टरनेटिंग करंटवर चालणाऱ्या) मोटारीच्या गाड्यांत उतारावर मोटारच वेग रोखून धरते आणि थोडी वीज परतही मिळवते. जुन्या सिरीज मोटारीच्या गाड्यांत ही सोय नसते व त्या उतारावर मोकळ्या पळतात. मध्य टेक्सासमधल्या हिल कंट्रीसारख्या चुनखडीच्या चढउतारांच्या प्रदेशात जुनी बॅटरीची गाडी घेताना मोटार कोणती आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जागेवरून ओझे उचलण्याची ताकद विजेच्या मोटारीची चांगली असते, तर लांब चढावर सतत खेचत राहण्यात पेट्रोलचे इंजिन सरस ठरते. परंतु चिखलात दोघांचीही गत सारखीच, कारण दोघांनाही ताकद फक्त मागच्या दोन चाकांतून मिळते, आणि त्यांतले एक घसरू लागले की सगळी ताकद तिकडेच वाया जाते. पूर्व टेक्सासच्या पाइनच्या रानांत पावसानंतर चिकणमाती होते. तिथे जमिनीपासून गाडीची उंची वाढवणारे लिफ्ट किट आणि खोल नक्षीचे २२ किंवा २३ इंची टायर बसवावे लागतात. मोठ्या टायरांमुळे चढावरची ताकद कमी होते, म्हणून बॅटरीच्या गाडीत त्याबरोबर जास्त क्षमतेचा कंट्रोलरही (मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) घ्यावा लागतो, आणि उंच केलेली गाडी वळणावर उलटण्याची शक्यता वाढते. ज्याच्या जमिनीवर वर्षातले चार महिने चिखल असतो, त्याने गोल्फ कार्टचा नाद सोडून चारही चाकांना ताकद मिळणारे वाहन पाहावे. दक्षिण टेक्सासच्या काटेरी झुडपांत प्रश्न निराळा असतो. तिथे मेस्किटचे काटे टायर फोडतात. पंक्चर काढण्याचे सामान आणि छोटा पंप कायम जवळ हवा.

ओढा ओलांडायचा असेल तर खोली आधी काठीने मोजावी. बॅटरीच्या गाडीची मोटार व कंट्रोलर पाण्याखाली जाऊ देऊ नयेत. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा भिजला की तो घसरतो आणि गाडी मध्येच अडकते.

पाचवी पायरी : जुनी गाडी तपासून घ्यावी

ई-झी-गो आणि क्लब कार या दोन्ही कंपन्या जॉर्जियातील ऑगस्टा शहरातल्या. ई-झी-गो १९५४ मध्ये तिथेच सुरू झाली. यामाहाचा कारखानाही त्याच राज्यातल्या न्यूननमध्ये आहे. या तिघांच्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग जवळजवळ सर्वत्र मिळतात, म्हणून नवख्या माणसाने यांच्यापलीकडे जाऊ नये. क्लब कारची चौकट ॲल्युमिनियमची असल्याने ती गंजत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत ही मोठी जमेची बाजू आहे. पोलादी चौकटीच्या गाडीत बॅटऱ्यांखालचा भाग टॉर्च लावून पाहावा, कारण सांडलेल्या आम्लाने तो तिथेच आधी खाल्ला जातो.

बॅटरीच्या गाडीत खरी किंमत बॅटऱ्यांचीच असते. त्यांवर ठोकलेली तारीख वाचावी; बहुधा एक अक्षर महिना दाखवते आणि एक आकडा वर्ष. चांगली निगा राखलेला लेड-अ‍ॅसिड संच साधारण चार ते सहा वर्षे चालतो, तेव्हा पाच वर्षांचा संच असेल तर नव्या संचाची किंमत मागितलेल्या रकमेतून वजा करूनच बोलणी करावीत. नंतर मल्टिमीटर घेऊन प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी, आणि दोन माणसे बसवून गाडी चढावर नेत असताना पुन्हा मोजावी. उभ्या गाडीत सगळ्या बॅटऱ्या चांगल्याच दिसतात. ओझ्याखाली जिचा व्होल्टेज इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली कोसळतो, ती गेलेली असते, आणि एक गेली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात.

पेट्रोलची गाडी इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. विक्रेत्याने ती आपण येण्यापूर्वीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर, तेलाची काळपट दाट अवस्था, तडे गेलेला पट्टा आणि टाकीतून येणारा आंबट वास, या चार गोष्टींवरून गाडी कशी वापरली गेली ते कळते.

सहावी पायरी : कायदा

गोल्फ कार्ट सार्वजनिक रस्त्यावर कुठे चालवता येते, हे राज्य, काउंटी आणि शहर यांनुसार बदलते. दोन तुकड्यांच्या मधून काउंटीचा रस्ता जात असेल, तर आधी चौकशी करावी. गाडीत भरलेली बंदूक नेण्याचे नियमही वेगवेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियात वाहनात, वाहनावर किंवा वाहनाला टेकवून भरलेली बंदूक ठेवणे बेकायदा आहे, तर टेक्सासमध्ये खाजगी जमिनीच्या हद्दीत वाहनातून हरणांची शिकार करण्यास मुभा आहे. होल्यांसारख्या (डव्ह) स्थलांतरित पक्ष्यांना मात्र संघराज्याच्या नियमानुसार मोटारीतून मारता येत नाही, अपवाद केवळ विशिष्ट अपंगत्व असलेल्यांचा. कायदा काहीही म्हणो, खडबडीत वाटेवर बंदूक रिकामी करून, रॅकमध्ये बांधूनच न्यावी.

सातवी पायरी : हंगाम संपल्यावर

टेक्सासचा हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीत आटोपतो. त्यानंतर रानडुकरांच्या मागे न जाणाऱ्यांची गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या पूर्ण चार्ज कराव्यात, चार्जिंगनंतर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत घालावे, टर्मिनल पुसून कोरडे करावेत आणि महिन्यातून एकदा येऊन पुन्हा चार्ज करावे. लिथियम बॅटरी अर्ध्याहून थोडी अधिक भरलेली ठेवून मुख्य स्विच बंद करावा. पेट्रोलच्या टाकीत इथेनॉल मिसळलेले जुने इंधन राहिले तर कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो, म्हणून शेवटची टाकी इथेनॉलविरहित पेट्रोलची भरावी, त्यात स्टॅबिलायझर घालावा आणि तो इंजिनपर्यंत पोहोचेल इतका वेळ गाडी चालवावी. वर्षातून एकदा तेल बदलावे. बॅटरीची गाडी दुसऱ्या वाहनाने ओढून न्यायची वेळ आली, तर सीटखालचा स्विच ‘टो’वर करणे विसरू नये, अन्यथा कंट्रोलर जळू शकतो. आणि दोन्ही गाड्यांच्या सीटखाली उंदरांचा बंदोबस्त करावा, कारण उन्हाळ्यात बंद शेडमधल्या गाडीच्या तारा ते हमखास कुरतडतात.